अकराव्या शतकातली तीट

देवळाचं नाव मी सांगणार नाही. धारहून निघालं की अमझेऱ्याच्या पुढे आणि बाग गावाच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून चार किलोमीटर आत, एवढं पुरे. ज्यांना प्रकरण ठाऊक आहे त्यांना नावही ठाऊक आहे. ज्यांना नाही, त्यांनी तिथल्या चौकीदाराला माझा फोटो दाखवून "हीच का ती मॅडम?" असं विचारू नये, एवढीच विनंती. दोघांनी विचारून झालंय.

सुरुवात अगदी साधी होती. देवासच्या आमच्या मराठी मंडळाला पन्नास वर्षं होत होती, त्याची स्मरणिका निघणार होती आणि मुखपृष्ठासाठी सभासदांकडून माळव्यातल्या प्राचीन वास्तूंची छायाचित्रं मागवली होती. आमच्या मंडळात दोन प्रकारचे सभासद आहेत. एक संस्थानी, म्हणजे ज्यांचे पणजोबा दरबारात कारभारी-फडणीस असं काहीतरी होते. दुसरे कंपनीवाले, म्हणजे आम्ही. आमचे सासरे एक ट्रंक आणि नेमणुकीचं पत्र घेऊन इथल्या कारखान्यात उतरले. संस्थानी मंडळी आमच्याशी अतिशय प्रेमाने वागतात. कार्यक्रमाला खुर्च्या आम्ही लावतो आणि कुणी कुठे बसायचं ते ते सांगतात. मंडळाच्या कुठल्याही स्मरणिकेत कंपनीवाल्यांपैकी कुणाचं नाव आलेलं मी पाहिलेलं नाही; जाहिरातींची पानं सोडून.

तर मुखपृष्ठाच्या आत, खाली उजवीकडे, बारीक टायपात का होईना, 'छायाचित्र : सौ. रुचा मयुरेश वळसंगकर' असं छापून यावं, ही माझी महत्त्वाकांक्षा. माणसं चंद्रावर जातात, त्या मानाने फार नव्हती.

कॅमेरा होता. लग्नाआधी हौसेने घेतलेला, आणि चिऊ झाल्यापासून बुरशी लागू नये म्हणून तांदळाच्या डब्यात पुरलेला. साडेतीन वर्षांत त्याने फक्त तांदूळ पाहिला होता. तो बाहेर काढल्याची बातमी कॉलनीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. मयुरेशच्या शिफ्टमधला विपुल म्हणाला, "भिया, मांडू जाओ. सब मांडू जाते हैं." सगळे जातात म्हणूनच जायचं नव्हतं, मंडळाकडे तोपर्यंत मांडूच्या एकाच महालाचे सहा फोटो आले होते, सहाही एकाच दगडावर उभं राहून काढलेले. समोरच्या बंगलीतल्या जयवंतीकाकूंनी दशम्या बांधून घ्यायला सांगितल्या, लेण्यांत मुलीला उघड्या डोक्याने नेऊ नकोस म्हणाल्या, आणि "काजळाची डबी घेतलीस ना गे? जुन्या जागा असतात त्या" असं तीनदा विचारलं.

डबी मी घेतली होतीच. मी काळजीखोर आई आहे, हे मला मान्य आहे. माझ्या पर्समध्ये थर्मामीटर, ओआरएसच्या दोन पुड्या, शिट्टी, चिऊच्या रक्तगटाची चिठ्ठी आणि माझ्या आईने बदाम जाळून घरी केलेल्या काजळाची डबी असते. मी एम.एस्सी. आहे. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही. पण तीट लावल्याने नुकसानही काही होत नाही, असं मी एप्रिलपर्यंत समजत होते.

डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही निघालो. बागच्या लेण्यांत चिऊला आत काळोख दिसला आणि तिने जो सूर लावला तो त्या कातळात इतका घुमला की दुसऱ्या गटाचा गाईड बोलायचा थांबला. एकही फोटो न काढता आम्ही परत फिरलो. मयुरेश गिअर जरा जोरातच टाकत होता. तेवढ्यात रस्त्याकडेला त्या देवळाची पाटी दिसली. मी म्हटलं, दहा मिनिटं.

देऊळ अर्धं पडलेलं. शिखर नाही, मंडपाचे निम्मे खांब उभे. भोवती तारेचं कुंपण, निळा सरकारी फलक, आणि बाजेवर बसलेला रघुजी नावाचा चौकीदार. त्याने आम्हांला वहीत सही करायला लावली. आधीची सही अकरा दिवसांपूर्वीची होती. पडझडीत सापडलेल्या सहा मूर्ती बाहेरच्या भिंतीला ओळीने टेकवून ठेवलेल्या होत्या. तिसरी मूर्ती आरसा घेतलेल्या बाईची होती.

विनोद बाजूला ठेवून सांगते, मी तिच्यासमोर मटकन बसले. उंची जेमतेम माझ्या कमरेएवढी. नाक थोडं झिजलेलं. पण मान वळल्यावर गळ्याला पडणाऱ्या तीन वळ्या होत्या, करंगळी इतरांपेक्षा किंचित लांब धरलेली होती, आणि आरशात बघताना माणसाचा खालचा ओठ नकळत पुढे येतो तसा तिचा आलेला होता. हजार वर्षांपूर्वी कुणी तरी आपल्या घरातल्या बाईला आरशात बघताना चोरून पाहिलं असणार, त्याशिवाय हे जमणार नाही. चारचं ऊन तिरपं येत होतं. इतकी वर्षं ती निवांत स्वतःकडे पाहत होती, आणि मी गेल्या चार वर्षांत आरशासमोर सलग दोन मिनिटं उभी राहिले नव्हते. मला तिचा हेवा वाटला, आणि मग तिच्याबद्दल फार माया वाटली.

"किती सुंदर आहे गं ही, चिऊ," मी म्हटलं. "दृष्ट लागेल हिला."

हे वाक्य मी म्हटलं. मीच. पुढचं सगळं या वाक्याने केलं.

मी चाळीसेक फोटो काढले. मध्ये एकदा लेन्स बदलायला गाडीकडे गेले, तेव्हा पर्स चिऊजवळच राहिली होती. मयुरेश रघुजीशी गव्हाच्या पेरणीविषयी बोलत होता. त्याला शेतीतलं काही कळत नाही. ऊन उतरायच्या आत मी घाईघाईने आणखी दहा-बारा फोटो घेतले आणि आम्ही देवासला परतलो.

स्मरणिकेचे संपादक उमाशंकरदादा, म्हणजे जयवंतीकाकूंचे यजमान. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला आणि त्या चाळीस वर्षांत माळव्यातल्या मूर्तींवर सात वह्या भरल्या. त्यातलं एक पानही कधी छापून आलं नाही. संशोधनपत्रिकांकडून 'आपला लेख परत पाठवत आहोत' अशी पत्रं आली, ती त्यांनी तारखेप्रमाणे लावून ठेवली आहेत. हे मला काकूंनी सांगितलं होतं. दादा स्वतः त्याविषयी बोलत नाहीत.

मी आठ फोटो मोठे छापून नेले, त्यांत आरसेवालीचा एकच. दादांनी ते जेवणाच्या टेबलावर मांडले आणि भिंग घेऊन एकेक बघू लागले. पाचव्यावर थांबले. इतका वेळ थांबले की काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"रुचाबाई," दादा म्हणाले, "हा गालावरचा ठिपका पाहिलात?"

मी पाहिला. डाव्या गालावर, हनुवटीच्या थोडा वर, काळा, गोल. "दगडातलाच असेल," मी म्हटलं. खरंच तसं वाटलं होतं.

"दगडातला डाग इतका बरोबर जागेवर पडत नसतो. ही दर्पणसुंदरी आहे. आरशात बघते आहे. कशासाठी बघते?" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तीट लावून पाहते आहे. काळ्या रंगाचा अंश अजून टिकला आहे. परमारकाळ, म्हणजे अकरावं शतक. बाई, हजार वर्षांपूर्वीची तीट तुम्ही शोधून काढलीत."

मला काय वाटायला हवं होतं? मला आनंद झाला. मी घरी जाऊन मयुरेशला सांगितलं, त्याने त्याच्या आईला सांगितलं, काकूंनी संस्थानी बायकांना सांगितलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला पहिल्या रांगेत, सतरंजीवर नव्हे, खुर्चीवर बसवलं. फोटो मुखपृष्ठावर पक्का झाला. दादांचा दोन पानी टिपणाचा लेख चार पानांचा झाला, मग सातांचा, मग अकरांचा. तीट मराठी मुलखातून माळव्यात आली की माळव्यातून मराठी मुलखात गेली, यावरच तीन पानं होती.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी, चिऊ झोपलेली असताना, मी कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायला बसले. फोटो एकापुढे एक बघत होते. एकेचाळिसावा : दर्पणसुंदरी, गाल स्वच्छ. त्रेचाळिसावा : दर्पणसुंदरी, गालावर ठिपका. मध्ये बेचाळिसावा. लेन्स बदलून परत येताना चुकून बटण दाबलं गेलं असावं. फोटो तिरका आहे, अर्ध्यात माझा अंगठा आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात मूर्तीपुढे चवड्यांवर उभी असलेली माझी मुलगी, एका हातात उघडी डबी आणि दुसऱ्या हाताचं काळं बोट अकराव्या शतकाकडे नेताना.

चिऊ उठल्यावर मी तिला फोटो दाखवला. "तू म्हणालीस ना तिला दृष्ट लागेल," ती म्हणाली. "मग मी लावली. पायाला पण लावायची होती, पण बाबा आले."

मयुरेश संध्याकाळी आला. त्याने फोटो पाहिला, चहा संपवला आणि म्हणाला, "हा फोटो कुणी बघितलाय?"

"कुणी नाही."

"मग आपणही नाही बघितला."

इथे मला स्वतःची बाजू मांडायची आहे, पण बाजू सापडत नाही. मी सांगायला गेले नाही असं नाही. तीनदा गेले. पहिल्यांदा दादा लेखाचं मुद्रितशोधन करत होते आणि मला बघून त्यांनी मोठ्याने आठवं पान वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा काकूंनी दारातच हात धरला. "यांना तीस वर्षांनी रात्री झोप लागतेय गे," त्या म्हणाल्या. "जेवतातही नीट. तुझ्या हाताला यश आहे हो." आणि माझ्या हातात चिवड्याचा डबा दिला. चिवडा घेऊन मी परत आले. तिसऱ्यांदा मी पक्कं ठरवून गेले, तर दादांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला.

त्यांनी लेखाची एक प्रत धारला, पुरातत्त्वाच्या कार्यालयात पाठवली होती. तिथून ती दुसऱ्या टेबलावर गेली, तिसऱ्या टेबलाने तीन प्रती मागितल्या, चौथ्याने फोटो काढणाऱ्याचं आधार कार्ड मागितलं, आणि आता फोटो काढणाऱ्याचं घोषणापत्र हवं होतं. 'प्रमाणित किया जाता है कि संलग्न छायाचित्र मूल है एवं इसमें किसी प्रकार की छेड़छाड़ नहीं की गई है.' खाली सहीची जागा.

मी तो मजकूर चार वेळा वाचला. छायाचित्र मूळ होतं. छायाचित्रात कसलीही ढवळाढवळ केलेली नव्हती. ढवळाढवळ मूर्तीत केली होती, आणि मूर्तीविषयी त्यांनी काही विचारलं नव्हतं. शिकलेल्या माणसाला खोटं बोलायला किती कमी बोलावं लागतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी सही केली. दादांनी टीपकागद दाबला.

मार्चअखेर स्मरणिका छापून आली. पाचशे प्रती दादांच्या बैठकीत, छातीइतक्या उंच. आत, खाली उजवीकडे, माझं नाव. मी ते पाहिलं आणि प्रत पालथी ठेवली. प्रकाशन एप्रिलच्या शेवटच्या रविवारी ठरलं होतं. आणि त्याच्या आठ दिवस आधी कार्यालयातून फोन आला : शुभंकर नावाचे एक अधिकारी प्रत्यक्ष मूर्ती बघायला येणार आहेत, लेखक आणि छायाचित्रकार दोघांनी हजर राहावं.

माझी योजना अशी होती. सगळे वहीत सह्या करत असतील तेव्हा मी पुढे जायचं आणि चिऊच्या ओल्या वाइप्सनी तो गाल पुसून टाकायचा. ठिपका नाही म्हणजे पुरावा नाही. ऊन-वाऱ्याने गेला म्हणता येईल, आणि दादांचा लेख 'पाहिला तेव्हा होता' एवढ्यावर तरी उभा राहील. हजार वर्षं टिकलेली गोष्ट चार महिन्यांत कशी गेली, हा प्रश्न मला पडला होता, पण मी तो मागच्या सीटवर बसवून ठेवला. मयुरेश गाडी चालवत होता, दादा पुढे, मी आणि चिऊ मागे. दादांनी कोट घातला होता. एप्रिलमध्ये.

देवळापाशी पोचलो तर बाहेर दोन मोटरसायकली, एक टेम्पो आणि नारळाचं दुकान. दुकान डिसेंबरात नव्हतं. आत भिंतीपाशी पंधरा-वीस बायका, कडेवर मुलं. मी वाइप्सचं पाकीट मुठीत धरून गर्दीतून वाट काढली आणि थांबले.

सहाही मूर्तींच्या गालावर तीट होती. सगळ्यांच्या. त्यातला एक दाढीवाला द्वारपाल होता, त्यालाही. दर्पणसुंदरीच्या गालावर तर काजळाचा थर चढून रुपयाएवढा गोल झाला होता, आणि पुढ्यात उदबत्त्या.

"नजर वाली माताजी," रघुजी अभिमानाने म्हणाला. त्याने नवी पगडी बांधली होती. "बच्चों की नजर उतारे है. मंगल-शनि को तो लाइन लगे."

शुभंकरसाहेब जीपमधून उतरले. तरुण, शांत माणूस, हातात नोंदवही. त्यांनी विचारलं, "ये कब से चल रहा है?"

"साब, जूनी परंपरा है," रघुजी म्हणाला. "म्हारा दादा का टेम से."

"आपने पहले रिपोर्ट में कभी नहीं लिखा."

"कोई ने पूछा ही नहीं, साब."

शुभंकर लिहू लागले. दादा काठी टेकत पुढे आले. त्यांनी त्या बायकांकडे पाहिलं, त्या सहा गालांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे वळून हात जोडले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने, माझ्यापुढे. "रुचाबाई, मी फक्त मूर्तीवरून लिहिलं," ते म्हणाले. "प्रथा जिवंत असेल अशी कल्पनाही नव्हती. हे तुमच्यामुळे."

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. हे लिहिताना मला सर्वांत जास्त लाज याचीच वाटते, की मी राहणार होते. रघुजीची साक्ष होती, गावाची श्रद्धा होती, माझी सहीसुद्धा होती. सगळं जुळत आलं होतं. वाइप्स मी पर्समध्ये परत ठेवत होते.

तेवढ्यात शेजारच्या बाईने माझ्या कोपराला हात लावला. विशीतली असेल. कडेवरचं बाळ मान टाकून पडलेलं. "दीदी," तिने विचारलं, "बुखार में भी काम करे है क्या? दो दिन से उतर ही नी रिया."

माझा हात बाळाच्या कपाळावर आपोआप गेला. तो माझ्या ताब्यात नसतो. कपाळ तव्यासारखं. मी थर्मामीटर काढून बगलेत धरला. एकशे तीनला थोडं कमी.

"डॉक्टर को दिखाया?"

"पहले सोचा माताजी को लगा दूँ."

"नहीं, नहीं," मी म्हटलं, आणि माझा आवाज मला हवा त्याहून बराच मोठा निघाला. "इससे कुछ नहीं होता. ये कोई माताजी का नहीं है. ये काजल मेरा है."

बायका वळल्या. शुभंकरांचं पेन थांबलं. मला आता सगळंच बोलावं लागलं : काजळ माझं, डबी माझी, लावलं माझ्या मुलीने, डिसेंबरात, माझ्याच बोलण्यावरून, त्याआधी इथे काहीच नव्हतं, माझ्याकडे फोटो आहे, मला फेब्रुवारीपासून माहीत आहे. शेवटचं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण ते गळ्यात अडकून राहिलं असतं. हे सगळं मी हिंदीत बोलले आणि घाबरल्यामुळे निम्मी क्रियापदं मराठी होती. तरी सगळ्यांना कळलं. चिऊला आपल्याबद्दल ऐकून आनंद झाला; तिने पुढे होऊन बोट वर करून दाखवलं.

शुभंकरांनी आधी एक चांगलं काम केलं : जीपच्या चालकाला सांगून त्या मायलेकरांना अमझेऱ्याच्या दवाखान्यात धाडलं. मग ते माझ्याकडे वळले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मैडम, आप तो पढ़ी-लिखी हैं." निळ्या फलकावर शिक्षेचा मजकूर होता, तो मला त्यांनी वाचायला लावला, मोठ्याने. घोषणापत्रावर माझी सही दाखवली. मग माझ्या हातातलं पाकीट पाहून विचारलं, "ये क्या है?"

"वाइप्स," मी म्हटलं. "बच्चों के."

"इससे साफ़ करने वाली थीं? मूर्ति?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले आणि काही वेळाने उघडले. दगड कसा साफ करायचा ते आमची माणसं बघतील, म्हणाले. तुम्ही फक्त इथून पुढे कुठल्याही प्राचीन वस्तूपासून चार फुटांवर उभ्या राहा. माफीचा अर्ज मी तिथेच, नारळाच्या दुकानातल्या वहीच्या पानावर लिहिला. सगळ्यांत जास्त रागावला रघुजी. नारळवाला त्याचा मेहुणा होता. "मैडम," तो मला फाटकापर्यंत सोडताना म्हणाला, "अच्छी-भली परंपरा चल गी थी."

दादा गाडीत पुढे बसले, काठी गुडघ्यांत धरली आणि काचेतून बाहेर बघत राहिले. अमझेरा गेलं. मयुरेशने एसी वाढवला, मग कमी केला. मी "दादा" असं दोनदा म्हणाले, दोन्ही वेळा पुढचं वाक्य नव्हतं. पाचशे प्रती, अकरा पानं, सात वह्या आणि तीस वर्षांची झोप, एवढं सामान त्या गाडीत माझ्या मांडीवर होतं. घाटात चिऊ झोपून गेली. मलाही इतकं लहान व्हावंसं वाटलं.

धारमध्ये शिरल्यावर दादा म्हणाले, "चहा घेऊ."

टपरीच्या बाकावर बसल्यावर त्यांनी चष्मा पुसला. चिऊ जागी झाली होती. "इकडे ये बाळ," ते म्हणाले. "कुठल्या बोटाने लावलीस?"

चिऊने उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. दादांनी कोटाच्या आतल्या खिशातून छोटी पट्टी काढली, तिच्या बोटाच्या टोकाला लावली, डोळे बारीक करून बघितलं आणि पुन्हा लावली.

"सात मिलिमीटर," ते म्हणाले. "मूर्तीच्या उंचीवरून गणित मांडून मी लेखात ठिपका सातचाच लिहिला होता. कुंचल्याचं म्हटलं, ती चूक. माप बरोबर आहे."

मला रडू आलं. टपरीवाल्याने माझ्याकडे, मग मयुरेशकडे संशयाने पाहिलं.

"दादा, प्रकाशन रद्द करायचं का?" मयुरेशने विचारलं.

"कशाला? शुद्धिपत्र घालू. आयुष्यात एक लेख छापला गेला, तो आता मी जाळणार नाही." ते माझ्याकडे वळले. "लिहून घ्या, बाई. तुमचं अक्षर चांगलं आहे. अर्ज पाहिला मी."

मी पर्समधल्या चिठ्ठीच्या मागे लिहू लागले. दादा सावकाश सांगत होते, वर्गात सांगत असावेत तसं. "पृष्ठ बारा ते बावीस. लेखात वर्णिलेली, मूर्तीच्या गालावरील तीट ही अकराव्या शतकातील नसून, अलीकडे एका भाविकाने लावलेली आहे. चुकीबद्दल लेखक दिलगीर आहे."

मी लिहिलं. 'एका भाविकाने' या शब्दांवर थांबले. लेखक दिलगीर असायचं काही कारण नव्हतं; लेखकाने कागदावर जे आलं ते इमानाने पाहिलं होतं. आणि भाविक तर आमच्या घरात कुणीच नाही. मी ते शब्द खोडले. लेखकही खोडला. वर लिहिलं : 'छायाचित्रकार सौ. रुचा वळसंगकर यांच्या बोलण्यावरून त्यांची कन्या चि. श्रिया हिने लावलेली असून, ही गोष्ट सौ. वळसंगकर यांनी दोन महिने लपवून ठेवली.' लिहिताना डोळ्यांपुढे ती सतरंजी येत होती, ज्यावर मी पुढच्या संक्रांतीला बसणार होते, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या बायका, ज्या थोड्या सरकून बसणार होत्या. तरी लिहिलं आणि चिठ्ठी दादांपुढे केली.

दादांनी ती डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचली. मग खिशातलं पेन काढून त्यांनी 'चि. श्रिया'च्या पुढे कंस केला.

"मुलीचं वय घालू," ते म्हणाले. "कृत्याच्या वेळचं. काय होतं?"

"साडेतीन."

त्यांनी ते अंकात लिहिलं.

"आणि माझं?" मी विचारलं.

दादांनी पेनाला टोपण लावलं आणि चहाचा घोट घेतला. "तुमचं राहू द्या," ते म्हणाले. "ते छापलं तर लोक क्षमा करणार नाहीत."